ठेंगणी गाय आणि लहान शेतकऱ्याचा गोठा
(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी विज्ञान व गणित यांचा जोडपाठ)

"चांगली गाय कोणती ?" असा प्रश्न वर्गात विचारला असता बहुतेक मुले "पुष्कळ दूध देणारी" असे उत्तर देतात. हे उत्तर चूक म्हणता येत नाही. परंतु शिक्षकांनी त्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारावा : "ती गाय कोणाच्या गोठ्यात आहे, आणि तिथे तिला खावयास काय मिळते ?" ज्या घरी दीड-दोन एकर जिराईत जमीन, पावसाळ्यात बांधावरचे गवत आणि उन्हाळ्यात थोडासा पेंढा एवढेच आहे, त्या घरची चांगली गाय आणि विहीर बागायतीवर मका घेणाऱ्याची चांगली गाय या दोन वेगळ्या गाई आहेत. हा भेद मुलांना स्वतः मोजून व हिशेब करून कळावा, असा या पाठाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी केरळातील वेचूर गाय घ्यावी. कोट्टयम जिल्ह्यात, वैकम तालुक्यात, वेंबनाड सरोवराच्या काठी वेचूर नावाचे गाव आहे. (वैकम हे नाव १९२४ च्या सत्याग्रहामुळे शिक्षकांस परिचित असेलच, नकाशात ते दाखवावे.) या गावावरून नाव पडलेली गाय जगातील अत्यंत ठेंगण्या गाईंपैकी एक होय. पूर्ण वाढलेल्या गाईची उंची वशिंडाच्या मागे मोजली असता साधारणतः ९० सेंटिमीटरच्या आतच भरते. आपल्याकडील जुन्या मापाने ही दोन हात झाली. वर्गातील टेबलाशेजारी ही गाय उभी केली तर ती टेबलाहून थोडीशीच उंच दिसेल. वजन सुमारे १३० किलो, आणि दूध दिवसाकाठी दोन ते तीन लिटर.

ही गाय ठेंगणी का झाली, हे मुले हटकून विचारतील. केरळचा किनारा उष्ण व दमट. पाऊस मुसळधार, त्यामुळे जमिनीतील सत्त्व धुपून जाते आणि गवत पुष्कळ असले तरी ते निकस असते. अशा प्रदेशात मोठ्या देहाच्या जनावरास पोट भरणेही कठीण आणि अंगातील उष्णता बाहेर टाकणेही कठीण. लहान देहास हे दोन्ही सोपे जाते. यातील दुसरी गोष्ट प्रयोगाने दाखविता येते. एक मोठे पातेले व एक वाटी घ्यावी, दोन्हींत सारखेच ऊन पाणी भरावे आणि पाव तासाने मुलांस बोट बुडवून पाहावयास सांगावे. वाटीतील पाणी आधी निवालेले असते, कारण आत साठलेल्या पाण्याच्या मानाने वाटीचा उघडा पृष्ठभाग अधिक असतो. गाईच्या कातडीचेही तसेच. पाणी हाताला सोसेल इतकेच ऊन असावे, हे सांगणे नलगे.

यानंतर मापनाचा भाग घ्यावा. गावातील एखाद्या गरीब स्वभावाच्या गाईच्या धन्याची अगोदर परवानगी घ्यावी, आणि गाय धन्यानेच धरावी. मुलांनी मागील पायांकडे जाऊ नये. सुतळीने दोन मापे घ्यावयाची : पुढील पायांच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी. सुतळी पट्टीवर धरून दोन्ही मापे इंचांत लिहावीत. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व ६६० ने भागावे, म्हणजे वजन अदमासे किलोत येते. समजा, एका ठेंगण्या गाईचा घेर ४६ इंच व लांबी ४० इंच आहे. ४६ गुणिले ४६ म्हणजे २११६. त्यास ४० ने गुणून ८४,६४०. ६६० ने भागून सुमारे १२८ किलो. वर्गमूळ-वर्गाची कंटाळवाणी उदाहरणे घालण्यापेक्षा हे उदाहरण मुले आनंदाने करतात, आणि उत्तर चुकले तर गाय समोरच असते.

वजन कळले की खाद्याचा हिशेब मांडता येतो. गाईस रोज तिच्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के कोरडे अन्न लागते. कोरडे म्हणजे त्यातील पाणी वजा जाता उरलेले. १२८ किलोच्या गाईस ३.२ किलो, ४०० किलोच्या संकरित गाईस १० किलो. पेंढ्यात शेकडा नव्वद भाग कोरडे धरावे व हिरव्या गवतात शेकडा पंचवीस. मग लहान गाईस २ किलो पेंढा दिल्यास त्यातून १.८ किलो मिळाले, उरलेल्या १.४ किलोसाठी ५.६ किलो हिरवे गवत लागले. एवढे गवत एक मोठी मुलगी शाळेतून परत जाताना बांधावरून कापून डोक्यावर नेऊ शकते. ४०० किलोच्या गाईसाठी हाच हिशेब मुलांकडून करवून घ्यावा, आणि तो भारा कोणी वाहावयाचा हे त्यांनाच विचारावे.

येथे शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. लहान गाय सर्वच बाबतीत श्रेष्ठ, असा समज मुलांचा होऊ देऊ नये. १० किलो कोरड्या अन्नावर तीन ठेंगण्या गाई जगतील व तिघी मिळून सहा ते नऊ लिटर दूध देतील. चांगली संकरित गाय नीट पोसली तर एकटीच तेवढे किंवा त्याहूनही अधिक देते. म्हणजे नुसत्या दुधाच्या हिशेबात ठेंगणी गाय जिंकत नाही. परंतु संकरित गाईस ते दूध देण्यासाठी विकतची पेंड लागते, सावली व भरपूर पाणी लागते आणि आजारात वेळेवर डॉक्टर लागतो. ज्याच्या घरी यांतील काहीच खात्रीचे नाही, त्याची मोठी गाय दोन वर्षांत भाकड होते, आणि कर्ज मात्र तसेच राहते. शिवाय तीनपैकी एक गाय दगावली तर दोन उरतात. एकच असून ती दगावली तर गोठाच रिकामा होतो. हा विचार फळ्यावर दोन स्तंभ करून मांडावा, आणि निर्णय मुलांवर सोडावा. घरोघरची स्थिती निरनिराळी असल्याने उत्तरेही निरनिराळी येतील व ती यावीत.

आता या गाईची हकिकत. दूध वाढावे म्हणून केरळात जर्सी, ब्राऊन स्विस इत्यादी परदेशी जातींशी संकर सुरू झाला. १९६१ च्या पशुसुधारणा कायद्याने परवान्यावाचून वळू ठेवण्यास प्रतिबंध झाला आणि गावोगावच्या स्थानिक वळूंचे खच्चीकरण झाले. त्या धोरणास आज दोष देणे सोपे आहे. लोकांना दूध हवे होते आणि संकराने ते मिळालेही. परंतु वळूच नाहीसे झाल्यावर गाई कितीही असल्या तरी जात पुढे कशी चालावी ? ऐंशीच्या दशकापर्यंत शुद्ध वेचूर गाय दिसेनाशी झाली होती. १९८९ मध्ये त्रिशूरजवळच्या मन्नुती येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापिका डॉ. सोसम्मा आइप यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन शोध आरंभिला. ही मंडळी गावोगाव हिंडली, म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारत राहिली, आणि वैकमच्या परिसरात एकेका लहान शेतकऱ्याच्या दारी त्यांना ही जनावरे सापडत गेली. त्या थोड्याशा जनावरांपासून कळप वाढविण्यात आला. डॉ. आइप यांस २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. एका शिक्षिकेने विद्यार्थ्यांसह केलेले हे काम असल्याने ते वर्गात थोडे सविस्तर सांगण्यास हरकत नाही.

येथे मुलांच्या ध्यानात आणून द्यावयाचे ते हे की, ती गाय मोठ्या गोठ्यात उरली नव्हती. तिच्यापासून फार नफा होत नव्हता, पण तिचा खर्चही नव्हता. म्हणून गरिबांनी तिला ठेवले होते.

आपल्याकडे याच्याशी नाते असलेली गाय कोकणात आहे. ती वेचूरइतकी ठेंगणी नव्हे, पण लहान चणीचीच. जांभ्या दगडाच्या डोंगरउतारावर चरणारी, दोन लिटरांच्या आसपास दूध देणारी, आणि जिचे बैल लहान लहान भातखाचरांत सहज वळतात अशी ही गाय लोक आजवर नुसती 'गावठी' म्हणत आले. २०१८ मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 'कोकण कपिला' या नावाने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. गावठी म्हणजे बिनजातीचे, हा समज किती उथळ आहे हे यावरून मुलांस दाखविता येईल. घाटावरील शाळांनी आपापल्या भागातील खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी यांची उदाहरणे घ्यावीत. त्या लहान नाहीत, पण विचाराची पद्धत तीच.

अलीकडे ठेंगण्या गाईंची हौस वाढली आहे. आंध्रातील पुंगनूर गाईस शहरांतून भारी किंमत येते, आणि ज्यास हौस असते त्यास फसविणारेही भेटतात. उपासमारीने खुरटलेले वासरू ठेंगण्या जातीचे म्हणून खपविले जाऊ शकते. यावर उपाय म्हणजे दात पाहणे. कालवडीचे पहिले दोन कायमचे दात साधारणतः दोन-अडीच वर्षांनी येतात, आणि आठही दात येऊन ती जुळण्यास साडेचार-पाच वर्षे लागतात. दात न लावलेले वासरू लहान दिसले तर त्यात नवल नाही. खुरटलेल्या जनावराचे डोके देहाच्या मानाने मोठे, पोट सुटलेले व केस राठ असतात. जातीने ठेंगण्या गाईचा देह लहान असला तरी प्रमाणबद्ध व तुकतुकीत असतो. मुलांच्या बाबतीतही उपासाने खुंटणे आणि मुळातच लहान चण असणे यांत भेद आहे, हे चाणाक्ष शिक्षक जाताजाता सांगतीलच. मात्र वर्गातील कोणा मुलाकडे बोट दाखवून नव्हे.

निगेविषयी थोडेच सांगावयाचे आहे. नुकत्याच जन्मलेल्या वासरास पहिल्या तास-दोन तासांत चीक मिळालाच पाहिजे. खरवसाची हौस त्यानंतर. पुढे वासरास त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध रोज द्यावे. वेचूर वासरू जन्मतः १० किलोच्या आसपास असते, म्हणजे त्याचा वाटा एक लिटर. दोन लिटर देणाऱ्या गाईचे सारेच दूध रतिबास घातले तर वासरू मरते. लहान गोठ्यातील मोठी चूक पुष्कळदा हीच असते. देशी गाय आजारी पडत नाही, हाही एक भ्रम होय. लाळ-खुरकूत व घटसर्प यांच्या लसी तिलाही टोचाव्या लागतात. २०२२ मध्ये लंपी चर्मरोग आपल्या राज्यात पसरला तेव्हा देशी जनावरेही त्यातून सुटली नाहीत.

मोठ्या मुलांच्या वर्गात एक गोष्ट स्पष्ट सांगावी. लहान गाईस मोठ्या जातीचे रेतन करवू नये. वासरू पोटात मोठे होते, विताना गाय अडते, आणि कित्येकदा दोन्ही जीव जातात. पूर्वी गावात देवाला सोडलेला पोळ असे व तोच सर्वांच्या गाईंस उपयोगी पडे. आता तो बहुतेक ठिकाणी नाही, आणि एक-दोन गाई असलेल्या घरास स्वतःचा वळू ठेवणे परवडत नाही. म्हणून चार-पाच घरांनी मिळून एक चांगला वळू राखावा, तो दर तीन वर्षांनी दुसऱ्या गावाशी बदलावा, किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच जातीचे रेत मागून घ्यावे. वळू न बदलल्यास बाप-लेकीचा संबंध येऊन जात दुबळी होते.

गृहपाठासाठी प्रत्येक मुलाने आपल्या किंवा शेजारच्या घरातील एका गाईची नोंद वहीत करावी : रंग, घेर, लांबी, काढलेले वजन, दात, किती वेते झाली, रोजचे दूध, रोजचा चारा, आणि शेवटचे वासरू कोणत्या वळूचे. ही वही शाळेत ठेवून पुढील वर्षी त्याच गाईंची पुन्हा नोंद करावी. वळूचा रकाना पुष्कळ वह्यांत रिकामा येईल. तो अंदाजाने भरू देऊ नये. मुलांना घरी आजोबांकडे पाठवून, गावात शेवटचा वळू कोणाकडे होता व तो कोणत्या वर्षापर्यंत होता, एवढे विचारून यावयास सांगावे.