सूत मोजून भरताना

छाप उठवायचा, रिंग लावायची आणि रेघेवरून सुई न्यायची, एवढेच भरतकाम मी मोहगावला शिकले होते. वसतिगृहात आल्यावर धारवाडकडील मैत्रिणीच्या पेटीत तिच्या अज्जीची काळी चंद्रकळा पाहिली. पदरावर गोपुरे भरलेली. पदर उलटला तर तीच नक्षी मागेही! गाठ कोठेच नाही. ही कसुती. एका टोकाचे गोपुर मात्र अर्धेच राहिले आहे, कारण अज्जींना आता कापडाचे सूत दिसत नाही. ते पुरे करायचे असे आम्ही दोघींनी ठरविले.

कसुतीत छाप नसतो. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून टाका घालावयाचा. टाके चार : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाका. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. नवशिक्याने मॅटीच्या कापडावर गवंतीपासून आरंभ करावा. चार धाग्यांवरून धावदोरा घालीत जावे, चार सोडावे आणि परतताना मोकळ्या जागा भराव्यात.

ऐकायला सोपे, पण माझा पहिलाच चौकोन फसला. चार बाजू फिरून मी मूळ जागी आले आणि पुन्हा त्याच दिशेने निघाले. झाले! समोर दोनच बाजूंवर दुहेरी दोरा, उरलेल्या दोन कोऱ्या. फेरी पुरी झाल्यावर उलट्या दिशेने परतले पाहिजे, तेव्हाच दोन्ही अंगांना चारही बाजू भरतात. फांदी असेल तर तिच्या टोकापर्यंत जाऊन लगेच मागे यावे. (गणिताच्या विद्यार्थ्यांनी कागदावर करून पाहावे.) दोऱ्याला गाठ मारू नये, दोन बोटे शेपूट सोडून ते पुढे टाक्यांखाली दडवावे.

नेगी वेगळी. तीत लांब-आखूड धावदोऱ्यांच्या ओळी विणल्यासारख्या दिसतात आणि मागे नक्षी उलटी उमटते. मौज अशी की, जपानच्या उत्तरेकडील त्सुगारू प्रांतातील ‘कोगिन’ याच जातीचे. तेथील शेतकऱ्यांना सुती कापड वापरण्याची बंदी होती. म्हणून बायका निळ्या तागासारख्या जाडसर कापडाच्या फटी पांढऱ्या सुती दोऱ्याने भरून काढीत. नक्षीही होई आणि थंडीही अडे. कोगिनमध्ये एक, तीन, पाच असे विषम धागे मोजतात, तर शेजारच्या नान्बू प्रांतातील ‘हिशिझाशी’त सम. आरंभ नक्षीच्या मधल्या ओळीपासून करतात. प्रत्येक ओळीनंतर कापड बोटांनी सारखे करावे, वळताना दोरा किंचित सैल ठेवावा, नाहीतर कापड आखडते. नेगी शिकताना ही युक्ती मला फार उपयोगी पडली.

मोजणीत एक धागा चुकला तर पुढची सगळी ओळ सरकते. परवा आमचे गोपुर कळसाशी जुळेना; चूक निघाली पायथ्याशी. तीन संध्याकाळचे काम उसवले.

सध्या आम्ही मॅटीवरच आहोत. दिवाळीच्या सुट्टीत तो तुकडा घेऊन धारवाडला जायचे आहे. अज्जींना डोळ्यांनी दिसत नसले तरी त्या उलट्या बाजूवरून बोट फिरवतील, मग पदराला सुई लावायची की नाही ते सांगतील.