बलाढ्य राष्ट्राला आतून पोखरणाऱ्या तीन गोष्टी : आपल्या उज्जैनच्या इतिहासातून एक धडा



"शक्तिशाली राष्ट्र कोणते?" असा प्रश्न वर्गात विचारला की उत्तर ठरलेले असते. ज्याच्याकडे मोठे सैन्य, मोठ्या तोफा, आणि आता म्हणायचे तर क्षेपणास्त्रे, ते राष्ट्र शक्तिशाली. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. इतिहासात कित्येक राज्ये अशी झाली की ज्यांच्याकडे सैन्य भरपूर होते, तरी ती कोसळली. ती का कोसळली हे पाहू गेल्यास तीन कारणे पुन्हा पुन्हा पुढे येतात. पहिले, धर्माच्या नावाने आपल्याच लोकांत पाडलेली फूट. दुसरे, ज्या शक्तीवर राज्याचा गाडा चालतो ती दुसऱ्याच्या हाती असणे. तिसरे, कर्ज.

हा धडा शिकण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. आपण उज्जैनला राहतो आणि आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज शिंदे सरकारच्या काळात किंवा त्यानंतर इकडे आले. तेव्हा सुरुवात आपल्या गावापासूनच करू.

१. दुर्गादासांची छत्री काय सांगते?

क्षिप्रेच्या काठी चक्रतीर्थाजवळ वीर दुर्गादास राठोड यांची छत्री आहे. मारवाडच्या या पुरुषाचे देहावसान १७१८ मध्ये उज्जैन येथे झाले. त्यांचा आणि मराठ्यांचा काय संबंध, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सम्राट अकबराने १५६४ मध्ये हिंदू प्रजेवरील जिझिया कर रद्द केला होता. राजपूत सरदार मोगल राज्याचे आधारस्तंभ बनले, त्यामागे हेही एक कारण होते. पुढे औरंगजेबाने १६७९ मध्ये हा कर पुन्हा बसविला. त्याच सुमारास जोधपूरचे महाराज जसवंतसिंह यांच्या मृत्यूनंतर त्याने मारवाड ताब्यात घेतले. राठोड उठले आणि सुमारे तीस वर्षे लढत राहिले. बादशहाचा स्वतःचा मुलगा शहजादा अकबर याने १६८१ मध्ये बंड केले. त्याला सुखरूप दक्षिणेत छत्रपती संभाजी महाराजांकडे पोहोचविणारे हेच दुर्गादास होते.

विचार करा. ज्या राजपुतांच्या तलवारीवर मोगल राज्य उभे होते त्यांनाच शत्रू करून बादशहा दक्षिणेत उतरला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो तेथेच लढत राहिला आणि १७०७ मध्ये तेथेच वारला. खजिना रिता झाला, सुभेदार स्वतंत्र होऊ लागले. बाहेरच्या कोणा शत्रूने मोगल राज्य तोडण्यापूर्वी ते आतूनच उसवले होते.

पोर्तुगीजांचेही असेच झाले. वसई प्रांतात धर्माच्या बाबतीत त्यांनी प्रजेवर जो जुलूम केला, त्यामुळे तेथील लोकच मराठ्यांना साह्य करण्यास तयार झाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तेथील भिंती भक्कम होत्या, पण भिंतींमागची प्रजा आपली राहिली नव्हती.

२. विजयी पेशवा आणि सावकारांचा तगादा

आता आपल्या माणसांकडे वळू. १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याच्या लढाईत मराठ्यांनी माळव्याच्या मोगल सुभेदाराचा पराभव केला. त्यानंतर काही वर्षांतच माळवा मराठ्यांच्या हाती आला आणि उज्जैन हे राणोजी शिंद्यांचे ठाणे झाले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली. आज आपण ज्या मंदिरात दर्शनाला जातो ते त्या काळचे.

या सर्व पराक्रमाचे नायक थोरले बाजीराव पेशवे. रणात त्यांना कोणी हरवू शकले नाही. परंतु कर्जाने त्यांना जन्मभर छळले. आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी सावकारांच्या तगाद्याबद्दल अतिशय व्याकूळ होऊन लिहिले आहे. विशेष म्हणजे ब्रह्मेंद्रस्वामी हे स्वतःही पेशव्यांना कर्जाऊ रक्कम देत असत! १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत झाला तेव्हा मागे लाखो रुपयांचे देणे राहिले.

असे का व्हावे? त्या काळची पद्धत समजून घ्या. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज बाहेर पडे. घोडी, दाणागोटा, शिपायांचा पगार यांसाठी पैसा आधी लागे, आणि चौथाईची वसुली नंतर होई. मधल्या काळासाठी सावकाराचे कर्ज काढले जाई. मोहीम फत्ते झाली तर कर्ज फिटे, नाही तर व्याज चढे. मग जुने कर्ज फेडण्यासाठी नवी मोहीम आणि नव्या मोहिमेसाठी नवे कर्ज. राज्य वाढत होते, पण त्याबरोबर देणेही वाढत होते.

या कर्जाचा सर्वांत मोठा तोटा पैशांत मोजता येत नाही. वसुलीचा ताण पडला की मित्रांकडूनही पैसा सक्तीने घ्यावा लागतो. जयपूरच्या गादीच्या वादात मराठे पडले आणि मोठ्या खंडण्या मागू लागले. १७५० च्या डिसेंबरात मराठी फौज पैशासाठी चालून आली असता जयपूरचे राजे ईश्वरीसिंह यांनी आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात जयपूर शहरात मराठ्यांची कत्तल झाली. दहा वर्षांनी पानिपतावर राजपूत मदतीला का आले नाहीत, याचे उत्तर येथे आहे.

३. पानिपत : दाणा आणि वैरण

"ऊर्जा" म्हटले की आपल्याला वीज आणि पेट्रोल आठवते. अठराव्या शतकात फौजेचे पेट्रोल म्हणजे दाणा आणि वैरण. घोडा आणि बैल हीच इंजिने होती, त्यामुळे वैरण संपली की फौज जागच्या जागी थांबे.

१७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेत आले तेव्हा पैशाची इतकी टंचाई होती की दिल्लीच्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडावे लागले. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकल्याने धान्य मिळाले, पण तेवढ्यात अहमदशहा अब्दाली यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला. नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, सुमारे अडीच महिने, फौज पानिपतावर अडकली. बरोबर हजारो यात्रेकरू, बायका आणि मुले होती. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. शेवटी घोडी आणि माणसे दोन्ही उपाशी राहू लागली, तेव्हा लढाईला निघण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

धर्माचा हिशेब येथे मांडून पाहा. नजीबखानाने अब्दालीला धर्माच्या नावाने बोलावले होते. पण मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी मुसलमान होता, आणि त्याने शेवटपर्यंत इमान राखून प्राण दिले. दुसरीकडे एकाच धर्माचे असूनही राजपूत दूर राहिले आणि सूरजमल जाट निघून गेला. मनात विश्वास नसेल तर समान धर्मही माणसे जोडत नाही, आणि विश्वास असेल तर वेगळा धर्म आड येत नाही.

जखमी महादजी शिंद्यांना पानिपतावरून वाचविणारा राणेखान हा भिस्ती होता. महादजींनी त्याला भाऊ मानले आणि पुढे तो त्यांचा नामांकित सेनापती झाला. महादजी स्वतः विठ्ठलाचे भक्त होते आणि बीडच्या मन्सूरशहांनाही गुरुस्थानी मानीत. त्यांच्या मोठेपणाचा हा पाया होता.

४. पगार थकला, फौज गेली

१७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाने महादजींना वकील-इ-मुतलक हे पद दिले. तरीही १७८७ मध्ये लालसोटच्या मैदानात त्यांची पलटणे शत्रूला मिळाली, कारण पगार थकले होते. महादजी यातून शिकले. सॅव्हॉयचा सेनानी दि बॉयन याच्या कवायती फौजेला त्यांनी स्वतंत्र मुलूख तोडून दिला, म्हणजे पगार वेळेवर होई. १७९२ मध्ये ते पुण्यास गेले तेव्हाही उत्तरेतील खर्चाच्या हिशेबावरून नाना फडणविसांशी त्यांचा मोठा वाद होता. १७९४ मध्ये ते वारले.

त्यांच्यानंतर दौलतराव शिंदे आले. कबूल केलेले पैसे दुसऱ्या बाजीरावाकडून मिळेनात, म्हणून १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पुण्याच्या सावकारांना व श्रीमंतांना छळून पैसा उकळला. ज्यांच्या पैशावर राज्य चालायचे त्यांनाच लुटले! १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैन येथे शिंद्यांच्या पलटणींचा पराभव करून आपल्या या शहराकडून जबर खंडणी घेतली. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. मराठ्यांनीच मराठ्यांची दोन शहरे अशी उजाड केली.

१८०३ मध्ये इंग्रज पुढे आले. शिंद्यांच्या पलटणींचे बहुतेक अंमलदार युरोपियन होते. इंग्रजांनी त्यांना पेन्शनचे आमिष दाखविले आणि ऐन वेळी अनेकजण सोडून गेले. सेनापती पेरोंही निघून गेला. असई आणि लासवाडीला शिपाई शौर्याने लढले, पण ते ज्ञान आणि ते अंमलदार आपले नव्हते. राज्याची मुख्य शक्ती परक्यांच्या हाती ठेवणे म्हणजे काय, हे त्या वर्षी कळले. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली आणि उज्जैनचे राजधानीपण संपले.

येथे एक शंका कोणी हुशार विद्यार्थी विचारील. कर्ज तर ईस्ट इंडिया कंपनीवरही होते, मग ती कशी जिंकली? उत्तर असे की बंगालचा ठरावीक महसूल तिच्या हाती होता आणि ती व्याज व पगार वेळेवर देत असे. म्हणून आपल्याच देशातील सावकार तिला आनंदाने पैसा देत. थोडक्यात, केवळ कर्ज काढल्याने राज्य बुडत नाही, फेडीची सोय नसताना काढलेले कर्ज बुडविते.

५. आधुनिक काळातील पुरावे

१९५६ मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने हल्ला केला. सैन्य पुढे सरकत होते, पण कालवा बंद पडला, तेल अडले आणि पौंड घसरू लागला. अमेरिकेने आर्थिक मदत रोखली. ब्रिटनला सैन्य मागे घ्यावे लागले आणि घरी पेट्रोलचे रेशनिंग करावे लागले. महासत्ता म्हणून ब्रिटनचा काळ संपला, तो रणांगणावर हरून नव्हे.

आपल्या देशाने हा अनुभव १९९१ मध्ये घेतला. आखाती युद्धामुळे तेल महागले आणि परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. तेव्हा सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. घरातले दागिने गहाण ठेवताना आईला काय वाटते, ते साऱ्या देशाला वाटले. त्यातून आपण सावरलो. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे तेलाचे भूमिगत साठे बांधले. तरी आजही आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. देवासच्या टेकड्यांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या आणि रीवा येथील ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प यांचे महत्त्व या दृष्टीने पाहावे. शेजारच्या श्रीलंकेत तर २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडता आले नाही आणि पेट्रोलसाठी लोक दिवसेंदिवस रांगेत उभे राहिले. आधी कित्येक वर्षे तो देश यादवी युद्धाने पोळला होता.

६. आपल्यासाठी बोध

धर्म वाईट नाही. उज्जैन हे तर महाकालाचे नगर आहे आणि २०२८ मध्ये येथे पुन्हा सिंहस्थ भरेल. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून अनेक ठिकाणी मंदिरे आणि घाट बांधले, पण तो खर्च आपल्या खासगीतून केला, प्रजेवर बोजा टाकला नाही. धर्म असा असेल तर राष्ट्र बळकट होते. तोच धर्म शेजाऱ्याला परका ठरविण्यासाठी वापरला तर औरंगजेबाच्या वाटेने जावे लागते, मग वापरणारा कोणत्याही धर्माचा असो.

पालकांना एवढेच सांगणे आहे की घरही एक लहान राज्यच असते. मुलांच्या शिक्षणासाठी, धंद्यासाठी काढलेले कर्ज आणि लग्नातील थाटासाठी काढलेले कर्ज यांत फरक आहे. संस्थेच्या कारभारातही हेच सूत्र आहे आणि आपल्या विश्वस्तांना ते मी सांगावे असे नाही.

विद्यार्थ्यांनी खालील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून आणावीत.

स्वाध्याय

१. पानिपतावर मराठ्यांचे मित्र का दूर राहिले? कर्ज, वसुली आणि मैत्री यांचा संबंध पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. राणेखान आणि इब्राहिमखान गारदी यांच्यावरून काय शिकता येते?
३. महिनाभर आपल्या घरात वीज, गॅस व पेट्रोल किती लागले ते लिहून ठेवा. त्यांपैकी काय वाचविता आले असते?
४. आईवडिलांबरोबर वीर दुर्गादासांची छत्री पाहून या आणि तेथे काय पाहिले ते दहा ओळींत लिहा.