बंदिवानांची भेट : पाहणे आणि सांगणे

शास्त्रपाठ : यिर्मया 38:1–13; मत्तय 25:31–46; इब्री 13:3

बंदिवानांस भेटण्याविषयी आपण मंडळीत पुष्कळदा ऐकतो. नाताळात फळे व शुभवर्तमानाच्या प्रती घेऊन तुरुंगात जाण्याची प्रथाही काही ठिकाणी आहे. ती चांगलीच आहे. परंतु आत काय चालले आहे ते पाहणे आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला ते सांगणे, हाही भेटीचाच भाग आहे. या पाठात आपण त्याचा विचार करू.

1. एबद-मलेखाने काय केले?

सरदारांनी यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडले. हे राजवाड्यातील एबद-मलेख या कूशी सेवकाच्या कानी आले. तो परदेशी होता, यिर्मयाचा नातलगही नव्हता. ज्या राजाने यिर्मयाला सरदारांच्या हाती दिले होते, त्याच राजापुढे जाऊन त्याने अन्याय उघड सांगितला. हुकूम मिळताच तो माणसे घेऊन विहिरीवर गेला. दोराने काखा कापू नयेत म्हणून त्याने जुन्या चिंध्याही नेल्या.

2. मुंबईतील उदाहरण

मे 1982 मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी परवानगी घेऊन मुंबई मध्यवर्ती कारागृहातील 15 स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत आपणांस मारहाण झाली, असे त्यांपैकी पाच जणींनी सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. मग निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांस तुरुंगात जाण्यास सांगितले. मुलाखतीच्या वेळी दुसरे कोणी हजर नसावे, ऐकू येईल इतक्या अंतरावरही नसावे, अशी अट होती.

फेब्रुवारी 1983 मध्ये न्या. भगवती यांच्या पीठाने महाराष्ट्रासाठी आदेश दिले : स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री शिपाई असावेत, अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत प्रत्येक कोठडीत लावावेत, न्यायाधीशांनी कोठड्यांस अचानक भेटी द्याव्यात, आरोपी समोर येताच दंडाधिकाऱ्याने छळाविषयी विचारावे.

3. खरी तपासणी कोणती?

वरील उदाहरणात तिच्या तीन खुणा दिसतात. भेट अचानक असावी, म्हणजे चुना लावून भिंती सजवण्यास वेळ मिळत नाही. कैद्याशी एकांतात बोलावे, कारण पहारेकऱ्यापुढे कोण खरे बोलेल? आणि तपासणारा तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या हाताखालचा नसावा. इंग्लंडमध्ये जॉन हॉवर्ड यांनी 1773 पासून तुरुंगामागून तुरुंग पाहिले. निर्दोष सुटलेली माणसेही तुरुंगाधिकाऱ्याची फी न भरल्यामुळे आत डांबलेली त्यांस आढळली. कोणी बाहेरचा आत गेला नसता, तर हे कळले नसते.

कोणी म्हणेल, गुन्हेगारांची एवढी काळजी कशाला? कोठडीतल्या माणसाचा गुन्हा अजून शाबीत झालेला नसतो. शाबीत झाला तरी शिक्षा न्यायालय देते. मारहाण त्या शिक्षेत नसते.

4. आपल्या गावी

प्राणहितेच्या पट्ट्यातील बेज्जूर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. 2016 पासून ते आसिफाबाद जिल्ह्यात आहे. अशा सीमेवरच्या भागात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी गोंडी, आणि सरकारी कागद तेलुगूत. आपले हक्क वाचताच येत नाहीत, त्याने दाद कशी मागावी? 1993 चा मानवी हक्क संरक्षण कायदा मात्र तेथेही लागू आहे. मानवी हक्क आयोग तुरुंगाची पाहणी करू शकतो. 2006 च्या दुरुस्तीनंतर सरकारला आधी कळवण्याची अटही राहिली नाही. आयोगाकडे साधा अर्ज कोणीही करू शकतो. अटक झालेल्यास प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे, एवढे तरी प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावे. मंडळीतील लिहिता-वाचता येणाऱ्यांनी शेजाऱ्याचा अर्ज लिहून दिला, तर तीही सेवाच आहे.

शब्बाथ शाळेत चर्चेसाठी

1. एबद-मलेख गप्प राहिला असता तर काय झाले असते?
2. मुलाखत एकांतात घेण्याचा आग्रह न्यायालयाने का धरला?
3. आपल्या गावातील कोणी अटकेत असेल, तर त्याच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?