गाडीतला वूफर आणि वस्तीची झोप

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. नालासोपारा-विरारच्या एखाद्या वस्तीत गल्लीच्या तोंडाशी गाडी येऊन थांबते. दारे उघडी, वूफर पूर्ण आवाजात. छपराचा पत्रा थरथरतो, तान्हे बाळ दचकून रडते, पहाटेची लोकल पकडणारा बाप कूस बदलत राहतो. 'चालायचंच' म्हणून आपण गप्प बसतो. पण हा आरोग्याचा प्रश्न आहे.

वूफरचा जाड, घुमणारा आवाज दार-खिडकी लावूनही अडत नाही. झोपेत आपले कान बंद होत नाहीत. जाग आली नाही तरी आवाजाने नाडी आणि रक्तदाब वाढतो. वर्षानुवर्षे असे घडले तर हृदयविकाराचा धोका वाढतो. गाडीत बसणाऱ्या पोरांचे नुकसान तर त्याहून मोठे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. ९० डेसिबल फक्त ४ तास. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. कानात सतत शिट्टी वाजत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

कायदा आपल्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. साधे बोलणेच ६० डेसिबलच्या आसपास असते, यावरून अंदाज घ्या.

मग करायचे काय? पोरगा बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. रात्री भांडू नका. दुसऱ्या दिवशी दोन-तीन वडीलधाऱ्यांनी आणि महिला मंडळातल्या ताईंनी त्याला शांतपणे समजवावे. तरीही ऐकले नाही, तर तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर वहीत लिहून ठेवा आणि आवाज सुरू असतानाच ११२ वर फोन करा. नाव उघड होईल ही भीती नको. तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा, ओळख कळलीच तर समोरच्याला सांगू नका, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणात पोलिसांना बजावले आहे.

मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपली जयंतीची मिरवणूक आठवू. तिथल्या डीजेलाही हाच नियम लागू आहे आणि तिथल्या बाळाचे कानही तितकेच कोवळे आहेत.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत लहानगा भीमराव रात्री दोनला उठून अभ्यास करीत असे, कारण तेवढाच वेळ शांततेचा होता. आज आपल्या गल्लीतही कुणी मुलगी परीक्षेचा अभ्यास करते आहे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे हा विषय घेऊ, आणि रात्री दहानंतर वस्तीत गाडीचा आवाज बंद, हे सर्वांच्या संमतीने ठरवू.