स्वभावाला औषध नाही, मग ताणाला?

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. घरातला कर्ता माणूस तापट असला, की ‘याला एक दिवस अटॅक येणार’ असे भाकीतही घरचेच करून ठेवतात. स्वभावामुळे खरोखरच आजार होतो का, असा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

घाईखोर माणसाला हृदयविकार होतो, ही कल्पना अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या फ्रीडमन आणि रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांची. त्यांच्या दवाखान्यातील खुर्च्यांचे कापड बदलायला आलेल्या कारागिराने, खुर्च्या फक्त पुढच्या कडेलाच कशा झिजल्या म्हणून आश्चर्य व्यक्त केले, अशी आठवण फ्रीडमन यांनी सांगितली आहे. रुग्ण टेकून बसतच नव्हते! (आमच्या दवाखान्यात लाकडी बाक आहेत, तेव्हा हा शोध इथे लागणे कठीणच होते.) सतत घड्याळाकडे पाहणारा, चढाओढ करणारा, चटकन चिडणारा, अशा स्वभावाला त्यांनी ‘टाइप ए’ असे नाव दिले. १९६० च्या सुमारास तीन हजारांवर पुरुषांची नोंद करून त्यांनी साडेआठ वर्षे पाठपुरावा केला. ‘टाइप ए’ गटात हृदयविकाराचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले आणि ही कल्पना जगभर पसरली.

पण पुढच्या अनेक पाहण्यांत तसे आढळले नाही. याच पाहणीतील ज्यांना हृदयविकार झाला होता, त्यांचे पुढे काय झाले ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात घाईखोर स्वभावाचे लोक जास्त नव्हे, उलट कमी दगावलेले दिसले. आणखी एक गोष्ट पुढे कागदपत्रांतून उघड झाली. ‘टाइप ए’च्या संशोधनाला तंबाखू कंपन्या कित्येक वर्षे पैसा पुरवत होत्या. दोष सिगारेटचा नसून स्वभावाचा, असे म्हणता आले तर त्यांना हवेच होते.

मला या प्रकरणातला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तोच युक्तिवाद मी रोज ऐकतो. ‘डॉक्टर, टेन्शन आहे म्हणून बिडी लागते.’ वस्तुस्थिती अशी, की शेवटची बिडी ओढून तासाभराने जी अस्वस्थता येते, ती बरीचशी निकोटिन उतरू लागल्याची असते. नवी बिडी तीच अस्वस्थता शमवते आणि माणसाला वाटते, टेन्शन गेले. मशेरी आणि तंबाखूच्या चिमटीचेही तेच.

मग स्वभावातले नेमके काय बाधते? घाईपेक्षा राग आणि मनातला आकस. राग येतो तेव्हा ॲड्रेनलिन स्रवते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. अमेरिकेत सोळाशेवर हृदयरुग्णांच्या १९९५ च्या अभ्यासात, रागाच्या झटक्यानंतरच्या दोन तासांत हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून अधिक आढळला. म्हणजे रागावलेला प्रत्येक माणूस कोसळतो असे नाही. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच खराब आहेत, त्याने मात्र जपावे.

तरीही माझी खरी काळजी आरडाओरडा करणाऱ्यांची नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे किंवा विस्मरण झालेल्या सासऱ्यांचे सगळे करणारी, तोंडातून शब्द न काढणारी सून घरोघर असते. तिचा स्वभाव शांत, म्हणून तिला काही होत नाही असे सगळे धरून चालतात. १९९५ मध्येच अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम मुद्दाम करून ती कधी भरते ते पाहिले. त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान आहे, पण ताण दीर्घकाळ राहिला की कॉर्टिसॉलसारख्या द्रव्यांमुळे प्रतिकारशक्तीच्या कामात अडथळा येतो, याच्याशी तो जुळतो. म्हणून मधुमेही बाईच्या पायाची जखम चिघळली, की औषधाबरोबरच ‘घरी आजारी माणसाचं कोण करतं?’ हेही मी विचारतो. उत्तर बहुधा ‘मीच’ असे येते.

अशा बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगणे निरर्थक आहे. ओझे कमी करायला दुसरा हात लागतो. मुलाने, दिराने किंवा नणंदेने आठवड्यातून दोन-तीनदा काही तास आजाऱ्याजवळ बसावे. तेवढ्या वेळात तिने फिरायला जावे, माहेरी बोलून यावे, नुसते झोपले तरी चालेल. दिवसाकाठी अर्धा तास भराभर चालणे आणि रात्री पुरेशी झोप यांचा उपयोग सर्वांनाच होतो. मन फारच खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या सरकारच्या ‘टेली-मानस’ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

एक सूचना मात्र कडक शब्दांत. मुलीचे लग्न उरकले, टेन्शन संपले, म्हणून ब्लडप्रेशरची गोळी स्वतःच बंद करणारे दर लग्नसराईनंतर येतात. ताणाने रक्तदाब तात्पुरता चढतो. कायमच्या वाढलेल्या रक्तदाबाची कारणे बहुधा वेगळी असतात आणि मांडव उतरला म्हणून तो उतरत नाही. तसेच छातीत दाब, दम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम यांतले काही झाले, तर ‘तिला टेन्शनच फार असतं’ म्हणून बाईला पित्ताची गोळी देऊन झोपवू नये. १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.