मोबाइल एकच, उत्तरे साऱ्या वर्गाची

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. ‘समजलं का?’ विचारलं की सगळी मुलं ‘हो’ म्हणतात. चाचणीत मात्र गोंधळ दिसतो. शिकवतानाच समज तपासायला प्रत्येकाला टॅब लागेल ना?
– एक शिक्षिका, कंधार (जि. नांदेड)

उत्तर : मॅडम, टॅबची अजिबात गरज नाही. ‘प्लिकर्स’ या मोबाइल अॅपमध्ये मुलांच्या हाती फक्त छापील कार्ड असते. प्रत्येकाची नक्षी वेगळी, चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे. उत्तराचे अक्षर वर येईल असे कार्ड धरायचे आणि तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. अक्षरे बारीक असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते.

खरे कसब प्रश्नात आहे. ‘१/३ मोठा की १/४?’ असे विचारा. चार तिनापेक्षा मोठे म्हणून १/४ निवडणारी मुले लगेच कळतील. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर यांची पद्धत उपयोगी पडेल : तीस टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर आली, तर पुन्हा शिकवा, तीस ते सत्तर टक्के आली, तर मुलांना आपसात चर्चा करू द्या आणि परत विचारा, त्याहून जास्त आली, तर पुढे जा.

दोन पथ्ये पाळा. या उत्तरांना गुण देऊ नका आणि चुकलेल्याचे नाव वर्गात घेऊ नका. अॅपमध्ये नावांऐवजी हजेरी क्रमांक टाका. रेंज नसेल, तर पाटीवर उत्तर लिहून सर्वांना एकदम वर धरायला सांगा. तेवढ्यानेही काम भागते. रोज दोनच प्रश्नांनी सुरुवात करा, नक्की जमेल.