१,४२,८५७ : एका संख्येचा पाठ

वसई, आगाशी, निर्मळ या भागातील मुलांच्या कानी बागायतीचे हिशेब घरीच पडतात. पाठाचा प्रारंभ तशाच उदाहरणाने करावा. विड्याची दहा लाख पाने सात व्यापाऱ्यांत सारखी वाटल्यास प्रत्येकास किती मिळतील? उत्तर १,४२,८५७ पाने, आणि एक पान शिल्लक. हे उत्तर फळ्यावर तसेच राहू द्यावे व मुलांना त्यास क्रमाने २ ते ६ या अंकांनी गुणावयास सांगावे. गुणाकार असे येतील :

२,८५,७१४, ४,२८,५७१, ५,७१,४२८, ७,१४,२८५, ८,५७,१४२.

अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. केवळ आरंभाचा अंक बदलतो. हे मुलांच्या आपण होऊन ध्यानी येईपर्यंत शिक्षकांनी मौन पाळावे. पुढे ७ ने गुणताच ९,९९,९९९ येतात. शिल्लक राहिलेले एक पान ज्याला आठवेल, त्याला याचे नवल वाटणार नाही.

पाठ येथेच थांबविला तर संख्या म्हणजे जादूचा खेळ अशी मुलांची समजूत होते, आणि ती पुढे जड जाते. म्हणून कारण दाखविणे अवश्य आहे. १ ला ७ ने भागून प्रत्येक बाकीवर शून्य घ्यावे. भागाकारात १, ४, २, ८, ५, ७ हे अंक येतात. १ पासून आरंभ केल्यावर बाक्या ३, २, ६, ४, ५ अशा येऊन पुन्हा १ येतो. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात व त्या साऱ्या येथे येऊन जातात. ३ ला ७ ने भागू लागले की त्याच चक्रात बाकी ३ पासून प्रवेश होतो; म्हणून तिप्पट ४ पासून सुरू होते. मुलांना हे कोरड्या नियमापेक्षा भागाकार मांडूनच पटते.

प्रत्येक मूळ संख्या अशी वागते असे मात्र नाही. १३ ने भागल्यास ०७६९२३ हे सहाच अंक फिरतात, आणि त्यांची दुप्पट १५३८४६ हे निराळेच चक्र ठरते. बारा बाक्या दोन घरांत विभागल्या जातात. १७ पाशी पुन्हा एकच चक्र, सोळा अंकांचे. वरच्या वर्गातील चिकाटीच्या मुलाने ते अवश्य काढून पाहावे.

या संख्येचा आणखी एक गुण आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली की १,४२,८५७ परत येतात. अशा संख्यांस कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. ते गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्यांनी आपले संशोधन विद्यापीठात राहून केले नाही. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते. ६१७४ ही संख्याही त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते.

लहान वर्गांसाठी ४५, ५५ आणि ९९ घ्याव्यात. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. उरलेल्या दोन मुलांवर सोपवाव्यात. ९९ पाशी ०१ मधील शून्यावर काही मुले अडतील. तेथे मात्र थोडे थांबावे.